एका माणसापुरती जागा

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या गावात कुणाकडे जाऊ नये. दार वाजवून हात दुखतील, पण उघडायला कुणी येणार नाही. सगळं गाव देवाच्या शेतात असतं. आम्ही कबरस्थानाला देवाचं शेत म्हणतो, कारण तिथे जे पेरलंय ते एक दिवस उगवणार, अशी आमची खात्री आहे. बायका दाताळं आणि बादल्या घेऊन येतात, म्हातारे गुडघे धरत शेवाळ खरवडतात, आणि प्रत्येक कबरीवर पिवळी डॅफोडिल्स ठेवली जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रभू उठल्याची बातमी तिथेच उभं राहून सांगायची असते, तेव्हा एकही कबर ओकीबोकी दिसलेली चालत नाही. ज्यांच्या मागे कुणी उरलं नाही त्यांच्याही वाट्याला फुलं येतात. कुणाला वगळायचं नाही, हा आमचा दंडक आहे. यंदाचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

मी त्या दुपारी तिथे नव्हते. घरी स्वयंपाकघरात बसून माझ्या ट्रॉम्बोनच्या, त्या पितळी वाद्याच्या, सरकत्या नळीला तेल देत होते आणि टेबलावरच्या कागदाकडे मुद्दाम बघत नव्हते. गेल्या ईस्टरपासून चर्चच्या मंडळीतली जी माणसं देवाघरी गेली त्यांची नावं होती त्यावर. ती ईस्टरच्या पहाटे कबरींमध्ये उभं राहून वाचतात, ज्या क्रमानं माणसं गेली त्या क्रमानं, आणि आयुष्यात एकदाच. पुढल्या वर्षी पुढली नावं. वाचायची पाळी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे फिरत फिरत येते. यंदा माझी होती. पाळकबाईंनी सात नावं छापून दिली होती. आठवं मी मधल्या फटीत पेनानं लिहिलं होतं. एस्बेन. माझा धाकटा भाऊ.

एस्बेन ऑक्टोबरात एका सकाळी कॉड मासे धरायला समुद्रात गेला. दुपारी होडी सापडली, धडधाकट, आत पाण्याचा थेंब नाही. तो सापडला नाही. तीन दिवस हेलिकॉप्टर घिरट्या घालत राहिलं, मग तेही गेलं. फेब्रुवारीत सरकारी पत्र आलं की तो मेला असं मानण्यात येत आहे. त्याची बायको मेरेटे हिनं ते पत्र न फोडता माझ्या टपालपेटीत आणून टाकलं. त्यानंतर ती चर्चला आली नाही. "मेरेटे हो म्हणाली तरच नाव वाचू," असं पाळकबाईंनी मला बजावलं होतं. मी मेरेटेला विचारलंच नव्हतं. मोठ्या बहिणीला प्रत्येक गोष्ट विचारावी लागत नाही, असं माझं जन्मभराचं मत होतं.

तर मी नळीला तेल देतेय आणि दार धाडकन उघडून मेरेटे आत आली. हातात डॅफोडिल्सचा मुळासकट उपटलेला गुच्छ. मातीसकट तिनं तो माझ्या टेबलावर आपटला.

"हे तुमचंच काम ना, वन्सं?"

एरवी ती मला बोडिलताई म्हणते. वन्सं म्हणाली की समजायचं, पाणी उकळलंय.

"कसलं काम?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नका. माझ्या नवऱ्याची कबर सजवलीत तुम्ही. काय आहे हो त्याखाली? गांडुळं?"

"मेरेटे, मी आज घराबाहेर पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

"मग फुलं काय पायानं चालत आली?"

थोडं थोडं करत तिच्याकडून मी काय झालं ते काढून घेतलं. सहा महिन्यांत ती पहिल्यांदा देवाच्या शेतात गेली होती, ती स्वतःच्या आईच्या कबरीसाठी. आमच्याकडे पुरतानाही भगिनी एका बाजूला आणि बंधू दुसऱ्या बाजूला, नवरा-बायकोसुद्धा वेगवेगळे. आईचं झाल्यावर तिची नजर बंधूंच्या शेवटच्या रांगेकडे गेली. सप्टेंबरात गेलेला लोरेंट्सेन, डिसेंबरात गेलेले होल्गर मास्तर, आणि दोघांच्या मधे एक कबरीएवढा तुकडा. माती दाताळ्यानं सारखी केलेली, कडेनं शेवाळाची किनार, वर फुलं. "ही कुणाची?" असं तिनं विचारल्यावर तिथल्या बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली. शेवटी एक जण चाचरत म्हणाली, "एस्बेनची असेल ना गं?"

सांगता सांगता तिची नजर माझ्या कागदावर गेली. तिनं तो उचलला. मी तो लपवायला हवा होता, पण माझे हात तेलकट होते आणि डोकं त्याहून मंद.

"हे पण?" ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला, आणि मला तो ओरडण्यापेक्षा वाईट वाटला. "उद्या तुम्ही हे नाव वाचलंत, तर मी तुमचं तोंड बघणार नाही. एकोणतीस वर्षांचं नातं उद्या पहाटे संपलं, असं धरून चाला."

दार तिनं उघडंच टाकलं. माझं पित्त खवळलं होतं. ती माझ्यावर ओरडली म्हणून नाही, ती खरं बोलली म्हणून. मी हात पुसले आणि येप्पेकाकांना गाठायला निघाले. त्या रांगेत त्यांच्या परवानगीवाचून मुंगीसुद्धा फिरत नाही.

येप्पेकाका एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत आणि चाळीस वर्षं आमच्या कबरी खणतात. अवजारांच्या खोलीत स्टुलावर बसून ते फावडं घासत होते.

"काका, बंधूंच्या शेवटच्या रांगेत मढ्याशिवाय कबर कुणी केली?"

"कबर नाही ती. जागा आहे."

"आपल्यात कुणाची जागा धरत नाहीत. चर्चच्या पालकमंडळाच्या अध्यक्षबाईंना नवऱ्याशेजारी जागा हवी होती, तेव्हा तुम्हीच फावडं रोखून त्यांना सांगितलंत, इथे ज्या क्रमानं मरायचं त्या क्रमानं झोपायचं."

"तेच तर केलंय. ऑक्टोबरात एस्बेन गेला, डिसेंबरात होल्गर. ऑक्टोबरची जागा मी डिसेंबरला देऊ? का म्हणून?"

"अहो, पण तो इथे नाहीये!"

"आज नाहीये," काका म्हणाले आणि फावड्याच्या पात्यावर थुंकून पुन्हा घासायला लागले.

मी दारात तशीच उभी राहिले. ते बोलणार हे मला ठाऊक होतं. मौन त्यांना फार वेळ झेपत नाही.

"असं बघ बोडिल. एकशे चाळीस माणसं मी या हातांनी झोपवली. उठवणं माझं काम नाही. पण रांग मी लावली, तेव्हा रांगेची जबाबदारी माझी. त्या शेवटच्या सकाळी सगळे उठणार. होल्गर मास्तर उठले की पहिलं काय करतील? हजेरी घेतील. जन्मभर दुसरं केलंय काय त्यांनी? आता शेजारी लोरेंट्सेन दिसला तर मास्तर म्हणणार, मधला एस्बेन कुठाय? पोरानं दांडी मारली? त्यांना नको कळायला, की पोराची जागा धरलीय, तो लांबून येतोय?"

मी भांडायला आले होते आणि मला हसू फुटलं. अशानं माझा राग नेहमी वाया जातो.

"आणि समुद्रातून कसा येणार तो? ओल्या कपड्यांनी?"

"ते ज्याचं काम आहे तो बघेल," काकांनी फावडं छताकडे केलं. "मी जागा धरली. टॉवेल धरायला मला कुणी सांगितलं नाही."

"मग दाताळं कशाला फिरवलंत? नुसता तुकडा सोडायचा."

"तण माजलं असतं! तेही माझ्या रांगेत?"

आता सगळं कळलं. आमच्याकडे दगड यायला सहा-सहा महिने लागतात, त्यामुळे नव्या कबरी नुसत्या सारख्या केलेल्या मातीच्याच दिसतात. बायकांनी नीट राखलेला तुकडा बघितला, दगड यायचाय असं समजल्या, आणि दंडकाप्रमाणे कुणाला वगळलं नाही. आमच्या गावाखेरीज ही चूक जगात कुठे झाली नसती.

मेरेटेच्या घरी मी गेले तेव्हा अजून चांगला उजेड होता. ती खिडक्या पुसत होती. रागावली की ती खिडक्या पुसते, आणि त्या हिवाळ्यात तिच्या घरच्या काचांइतक्या स्वच्छ काचा पंचक्रोशीत नव्हत्या. मी दारातच उभी राहून फुलांची चूक सांगितली, मग काकांचं सगळं बोलणं सांगितलं. हजेरीपाशी आल्यावर तिच्या खांद्यांना एक झटका बसला. हसली की काय ते मला पाठीवरून कळलं नाही.

"बसा," ती म्हणाली. "कॉफी करते."

कॉफी केली, राईच्या पावावर चीज ठेवून माझ्यापुढे सरकवलं, आणि समोर बसली.

"एक सांगा ताई. उद्या पहाटे तुम्ही सगळे आनंदानं ओरडणार. का, तर प्रभूचं थडगं रिकामं होतं. माझ्या नवऱ्याचंही थडगं रिकामंच आहे की. मग मला का होत नाही आनंद?"

मी पासष्ट ईस्टर पाहिले आहेत. त्यातले पन्नास ट्रॉम्बोन वाजवत. मी पावाचा घास घेतला, तो चघळत वेळ काढला, आणि मग जे सुचलं ते बोलले.

"त्या बायकांनाही झाला नव्हता. पहिल्यांदा तरी."

"कुठल्या बायकांना?"

"ज्या त्या सकाळी थडग्याकडे गेल्या त्यांना. त्या काय आशा घेऊन गेल्या होत्या होय? सुगंधी तेलं घेऊन गेल्या होत्या, प्रेताला लावायला. प्रेत जागेवर नाही म्हटल्यावर घाबरून पळाल्या. त्यांच्यातली मरिया बागेतच रडत राहिली. समोर माळी आहे असं समजून त्याला म्हणाली, तुम्ही नेलं असेल तर कुठे ठेवलंय तेवढं सांगा. तिला बाकी काही नको होतं. नुसतं प्रेत हवं होतं."

मेरेटेनं मान खाली घातली. "मला पण तेवढंच हवंय," ती म्हणाली.

"पण तो माळी नव्हता, उठलेला प्रभू होता. त्यानं तिला नावानं हाक मारली, आणि हाक ऐकली तेव्हा तिला कळलं."

"तिला मारली हाक. मला कुणी मारली?"

मला वाटत होतं मी बरी चाललेय, आणि तिनं मला एका वाक्यात खाली बसवलं. यावर खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

"कुणी नाही," मी म्हणाले.

"मग ऐका. ते नाव मला का वाचायला नकोय ते. नाव तुम्ही एकदाच वाचता. लोरेंट्सेन, एस्बेन, होल्गर मास्तर, आमेन, चला न्याहारीला. पुढल्या वर्षी दुसरे. एकदा वाचलं की तो झाला, ताई. संपला. मला तो संपलेला नकोय."

"मला हवाय," मी म्हणाले.

हे मी बोलणार आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. तिनं मान वर केली.

"मी रोज सकाळी किनाऱ्यावर जाते, मेरेटे. ऑक्टोबरपासून रोज. बर्फ होता तेव्हापण गेले. ओंडका दिसला तरी काळजात धस्स होतं. तो सापडावा म्हणून देवाकडे मागते आणि मला सापडू नये म्हणूनही मागते. मी थकले गं. नाव वाचलं की मला थांबता येईल असं वाटलं. माझ्या सोयीसाठी लिहिलं मी ते. तुला विचारलंसुद्धा नाही."

तिनं उठून माझ्या पेल्यात आणखी कॉफी ओतली, मला नको असताना. "मला कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "मीही आले असते बरोबर."

मी खिशातून कागद काढला. तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि तिच्या समोर ते नाव खोडलं. नीट, दोन रेघा मारून. माझा पाठचा भाऊ होता तो. त्याला चालायला मी शिकवलं, आणि त्या दोन रेघा ओढताना मला त्याला पुन्हा पाण्यात ढकलल्यासारखं वाटलं. पण नवरा तिचा होता, आणि तिच्या मनाविरुद्ध त्याचं नाव उच्चारून मी कसला विजय साजरा करणार होते?

"उद्या येऊ नको हवं तर," मी निघताना म्हणाले.

"बघू," ती म्हणाली.

पहाटे पाचला आम्ही वाजवणारे सात जण निघालो. गल्लीगल्लीत थांबून गाणं वाजवायचं आणि गाव उठवायचं, ही आमची पद्धत. मेरेटेच्या घरापुढे आम्ही थांबलो नाही, कोपऱ्यावर वाजवलं. तिच्या खिडकीत दिवा होता. थंडीनं ओठ बधिर झाले होते आणि माझ्या स्वरांची अवस्था अशी की पुढचा शिंगवाला दोनदा मागे वळून माझ्याकडे बघून गेला.

सहाच्या सुमाराला देवाच्या शेतात सगळे जमले. भगिनी एका बाजूला, बंधू दुसऱ्या, मधे वाट. समुद्रावरून वारा येत होता आणि आभाळ इतकं भरलेलं की सूर्य उगवला तरी आपल्याला कळायचा नाही. पाळकबाईंनी प्रार्थना केली आणि मला खूण केली. मी वाटेच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि कागद उघडला.

प्रत्येक नावानंतर जरा थांबतात. उन्हाळ्यात गेलेली तीन नावं झाली. मग लोरेंट्सेनचं नाव झालं. मी थांबले, मनात दोन रेघा ओलांडल्या, आणि होल्गर मास्तरांचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

"एस्बेन!"

भगिनींच्या बाजूनं आला आवाज. कुजबुज नव्हती, रडणंही नव्हतं. मागच्या दारात उभी राहून, जेवण वाढलंय, किती वेळ लावतोस, अशी ती त्याला होडीवरून बोलवायची त्या आवाजात मेरेटेनं हाक मारली. पूर्ण घसा फोडून. तीनशे माणसं दचकली. झाडावरचे कावळे उडाले. मेरेटे समुद्राकडे तोंड करून उभी होती आणि तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले होते.

"एस्बेन! अरे एस्बेन!"

मग ती थांबली. कुठून काही उत्तर आलं नाही. वारा होता तसाच होता. पण त्या क्षणाला मला पक्कं कळलं की नाव वाचायचं असतं ते याच आवाजात. पन्नास वर्षं मी ती यादी ऐकत आले होते, गेलेल्यांची नोंद म्हणून. उठलेल्या प्रभूवर भरवसा ठेवणारी माणसं नोंदी कशाला वाचतील? ती हाका मारतात. समोरचा येणार आहे असं समजून मारतात. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मी त्या पुसल्या नाहीत.

पाळकबाई माझ्याकडे बघत होत्या. मी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "होल्गर!" वाचलं नाही, हाक मारली. मास्तरांना उभ्या आयुष्यात कुणी असं एकेरी बोलावलं नसेल. उरलेली दोन नावंही तशीच. शेवटच्या नावाला त्याचा थोरला भाऊच माझ्या आधी ओरडला.

"प्रभू उठला आहे!" पाळकबाई म्हणाल्या.

"खरोखर उठला आहे!" गाव म्हणालं. दरवर्षी म्हणतं, पण यंदा मला शेजारणींच्या आवाजात मेरेटेचाही आवाज वेगळा ऐकू आला. त्यानंतर गाणं वाजवायचं होतं. पहिल्या दोन ओळी मी नुसतेच गाल फुगवले.

लोक न्याहारीला पांगले, तेव्हा मेरेटे बंधूंच्या शेवटच्या रांगेपाशी उभी होती. येप्पेकाका टोपी हातात धरून तिच्या शेजारी. मी ट्रॉम्बोन काखेत मारून तिकडे गेले.

"ऐकलं असेल का हो त्यानं, ताई?" तिनं विचारलं. तिचा आवाज बसला होता.

"त्यानं ऐकलं की नाही, मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण ज्यानं मरियेला बागेत हाक मारली, त्यानं ऐकलं. तो निरोप पोचवल्याशिवाय राहायचा नाही."

काकांनी घसा साफ केला. त्यांना दंडक आठवला होता. "पण बरं का मेरेटे, नाव एकदाच घेतात. पुढल्या ईस्टरला नाही घेता येणार."

"वाचलेलं नाव एकदाच ना, काका? मी कुठे वाचलं?" मेरेटे म्हणाली. "मी बोलावलंय. येईपर्यंत बोलावीन."

काकांनी यावर बराच विचार केला. मग त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, हरकत नाही म्हणाले, आणि आम्ही तिघं कॉफी प्यायला गेलो.